मदत हवी आहे : भाच्याच्या नाकातली अँजिओफायब्रोमाची गाठ, मुंबईत ऑपरेशन कुठे करावं?

नमस्कार मंडळी. माझा भाचा १४ वर्षांचा, भांडुपला राहतो. गणपतीपासून त्याचा घोळणा वरचेवर फुटत होता, तोही एकाच नाकपुडीतून. उष्णता असेल म्हणून आम्ही कांदा हुंगवला, सब्जा दिला. त्यात दोन महिने गेले, याचं फार वाईट वाटतं. मग ती नाकपुडी पूर्ण चोंदली, तो रात्री घोरायला लागला, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं.

दुर्बिणीतून नाकाच्या अगदी मागे लालसर गाठ दिसली. सीटी आणि एमआरआयनंतर निदान झालं : ज्युव्हेनाइल अँजिओफायब्रोमा. कर्करोग नाही. वयात येणाऱ्या मुलांनाच, तेही क्वचित होते म्हणे. पण गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली, म्हणून तुकडासुद्धा तपासायला काढला नाही. काढला तर रक्तस्राव आवरत नाही. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी मांडीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात.

ताईला धास्ती रक्ताचीच आहे. केईएम किंवा नायरमध्ये कुणी हे ऑपरेशन करून घेतलंय का? दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी झाल्या का? रक्ताच्या किती बाटल्या लागल्या? महात्मा फुले योजनेतून एम्बोलायझेशनचाही खर्च मिळाला का? आणि गाठ पुन्हा उगवू शकते म्हणतात, तर नंतर किती वर्षं एमआरआय करत राहावं लागलं?

मावशी म्हणून विचारतेय. स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, ताईला वाचून दाखवीन.