४६ नंबर (खालची उजवी पहिली मोठी दाढ): स्क्रूचं भोक बक्कल कस्पात (दाढेच्या गालाकडच्या उंचवट्यात) निघतंय, अबटमेंट (हाडातल्या कृत्रिम मुळाला, म्हणजे इम्प्लांटला, वरचा दात जोडणारा भाग) कसं करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमची छोटी डेंटल लॅब आहे. डिझाइन मी एक्सोकॅडवर (दात डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) करतो, झिर्कोनिया (दातासाठीचं कठीण सिरॅमिक) मिलिंगला, म्हणजे यंत्रावर कोरायला, कोल्हापूरला जातं.

पेशंट खानापूर तालुक्यातला, एकच इम्प्लांट. लायब्ररी (भागांच्या डिजिटल आकारांचा संच) इम्प्लांटच्याच कंपनीची घेतलीय, स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा स्कॅनमध्ये दाखवणारा खुंट) चोख जुळतेय. पण इम्प्लांट गालाकडे कललाय, त्यामुळे स्क्रू चॅनल थेट बक्कल कस्पाच्या टोकातून निघतं. भोकाच्या बाहेर झिर्कोनियाची भिंत ०.४ मिमी उरते. टाय-बेसभोवती (झिर्कोनिया ज्यावर चिकटवतात तो टायटॅनियमचा तळ) मी ०.५ च्या खाली जात नाही, आणि ही तर चावायची दाढ.

चॅनल साधारण १८ अंश वळवलं तर भोक मधल्या खळग्यात येतं. त्याला बाजू कापलेला टाय-बेस, वेगळ्या डोक्याचा स्क्रू आणि त्याचाच ड्रायव्हर लागतो. डॉक्टरांकडे साधा हेक्स (षटकोनी) ड्रायव्हर आहे. तरी त्यांना स्क्रू-रिटेन्डच (सिमेंटऐवजी स्क्रूने बसवलेलं) हवंय, उद्या ढिलं झालं तर काढता येईल म्हणून. म्हणणं बरोबरच आहे.

नाहीतर कस्टम अबटमेंट आणि वर सिमेंटने चिकटवलेला क्राउन (दाढेची टोपी). इथे मला मार्जिनची (क्राउनची कड अबटमेंटला मिळते त्या रेषेची) भीती वाटते. जिभेकडे हिरडी चांगली ३ मिमी उंच आहे, मार्जिन खोल गेली तर आत राहिलेलं सिमेंट कोण काढणार? पुढे पेरी-इम्प्लांटायटिसचा (इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजण्याचा) धोका आहेच.

आणखी एक. हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर लावलेलं झाकण) काढून स्कॅन होईपर्यंत हिरडी आत मिटलेली दिसतेय. मग इमर्जन्स प्रोफाइल (हिरडीतून वर येणाऱ्या भागाचा आकार) स्कॅनमधल्या हिरडीला धरून करू, की थोडी दाबून रुंद घेऊ?

प्रतिसाद, निपाणीहून:
भाऊ, ड्रायव्हरचं आधी मिटवा, मग माउस हातात घ्या. स्क्रू ज्या कंपनीचा, ड्रायव्हर त्याच कंपनीचा. दुसरा चालवला की स्क्रूचं डोकं झिजतं. डॉक्टर ड्रायव्हर घेणार असतील तर अँग्युलेटेडच (वळवलेलं चॅनल) करा. चॅनल नुसतं जिभेकडे नेऊ नका, थोडं मेसिअलकडेही (पुढच्या दातांच्या बाजूला) वळवा, तोंड कमी उघडणाऱ्यालाही ड्रायव्हर आत जातो. घेणार नसतील तर सिमेंट, पण मार्जिन हिरडीला धरून वरखाली फिरवा: गालाकडे अर्धा मिमी खाली, जिभेकडे बरोबरीने किंवा वरच. दाढेला कोण बघतंय?

हिरडी हलकी दाबा, पण प्लॅटफॉर्मजवळ (इम्प्लांटच्या माथ्याजवळ) प्रोफाइल बारीकच ठेवा, रुंदी वर घ्या. बसवल्यावर हिरडी पांढरी पडून दहा-पंधरा मिनिटांत रंग परत आला नाही तर दाब जास्त झाला समजा. जिभेकडून एक स्क्रीनशॉट टाका, मग बोलू.