ब्रेकचे २१,४००? (सोसायटी ग्रुपवरून)

बी-७०२: नमस्कार मंडळी. गाडीच्या ब्रेकचं गॅरेजकडून एस्टिमेट आलंय, जरा नजर टाका. सात सीटर, ६२ हजार किलोमीटर. पुढचे पॅड ४,२००, पुढच्या दोन्ही डिस्क ९,६००, मागचे लायनर ३,४००, ब्रेक ऑइल ९००, क्लिनिंग-ग्रीसिंग १,१००, मजुरी २,२००. जीएसटी धरून २१,४००. गणपतीला गुहागरला निघायचंय, आई-बाबा सोबत.

डी-२०१: गपचूप करून टाका. ब्रेकमध्ये काटकसर नको.

सी-४०३: पण डिस्क कशाला? ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं का? पेडल पायाखाली धडधडतं?

बी-७०२: नाही ताई. सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर येते. आणि हल्ली सिग्नलला थांबताना बारीक चीं-चीं.

ए-१०४: खरखर सोडून द्या. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, ती बिडाची असते, पावसात रात्रभर गाडी उभी राहिली की गंज चढतो, चार ब्रेक मारले की जातो. चीं-चीं वेगळी. डिस्क दाबून धरणारा पॅड झिजत आला की त्याची पत्र्याची पट्टी डिस्कला घासते, ती ओरडण्यासाठीच बसवलेली असते. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर, ३ वर आला की काढायचा. तेव्हा पॅड बदलाच.
डिस्कची किमान जाडी मात्र डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर लावून किती भरली, ते लिहून द्या म्हणावं.

बी-७०२: गॅरेजवाले म्हणाले, पॅड बदलले की डिस्क बदलावीच लागते काका.

ए-१०४: वा! चपलेचा अंगठा तुटला की पायही बदला.

ई-६०५: 😂 पुण्यात नाना पेठेत बघा, पार्ट स्वस्त पडतील.

सी-४०३: बघा, पण पक्कं बिल आणि पार्ट नंबर घेऊनच. आणि जुन्या बिलाशी ताडून पाहा. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, दर उतरलाय का?

बी-७०२: ऑइल तरी आत्ता बदलायचं का? मागच्या वेळी कधी बदललं आठवत नाही. पातळी थोडी खाली आहे, वरून भरलं तर?

ए-१०४: अजिबात भरू नका. पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर येतो, तेवढी पातळी उतरतेच. नवे पॅड बसवताना ते ऑइल परत वर येऊन सांडेल.
बदलायचं मात्र नक्की. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. ताम्हिणी घाटाने उतरणार ना? सात माणसं, टपावर सामान, पाय सतत ब्रेकवर. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी बदलायचं ते एवढ्यासाठी. उतारावर दुसरा गिअर ठेवा, न्यूट्रल तर नाहीच. नवले पुलाच्या उतारावरचे अपघात बघतोच आपण.

सेक्रेटरी: ग्रुपवर कृपया सोसायटीचेच विषय. बी-७०२, तुमची गाडी टँकरच्या वाटेत आहे.

बी-७०२: काढतो. ब्रेक लावतच काढतो 🙏

*(दुसऱ्या दिवशी)*

बी-७०२: समोर उभं राहून मोजून घेतलं. डिस्कवर २४ कोरलंय, भरली २५.२. मागचे लायनर निम्म्याहून जास्त शिल्लक. पॅड अडीच मिलिमीटर. पॅड, ऑइल, क्लिनिंग-ग्रीसिंग आणि मजुरी १,६००, एकूण ७,८००.

डी-२०१: अरे! मी मागच्या वर्षी दोन्ही डिस्क बदलल्या होत्या.

ए-१०४: मोजल्या होत्या का?

डी-२०१: …

ए-१०४: बी-७०२, पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हलक्या पायाने, पॅड बसायला वेळ लागतो. तेव्हा उद्याच घाटात नको, आधी गावात फिरवा. आणि ते क्लिनिंगचे ११०० कशाचे, विचारलं?

बी-७०२: विचारलं. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या शिकंज्याच्या, पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावलं. एक पिन जाम झाली होती, त्या बाजूचा पॅड जास्त खाल्ला होता.

ए-१०४: मग दिलेत ते बरोबर दिलेत.