मदत हवी आहे: लेहच्या थंडीत फ्युएल सेल सुरू करताना स्टॅक गरम कसा करावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आम्ही १ किलोवॉटचा पीईएम फ्युएल सेल (हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणारा संच) बॅकअपसाठी जुळवतोय. त्याचा स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलची चळत, प्रत्येक सेलमध्ये प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. बसवायचा आहे लेहला, जिथे हिवाळ्यात रात्री पारा उणे २० पर्यंत उतरतो. क्लायमॅटिक चेंबरमध्ये (हवं ते तापमान ठेवणाऱ्या चाचणीच्या खोलीत) तेवढ्या थंडीत चालू केला की व्होल्टेज छान येतं, पण लोड दिला की मिनिटभरात कोसळतं. खोलीच्या तापमानाला आणला की हाच स्टॅक मुकाट्याने पूर्ण लोड घेतो. म्हणजे तयार होणारं पाणी आतच गोठून हवेची वाट अडवतंय, इतकं कळलं.

स्टॅक ५ किलोचा, कुलंट २ लिटर. उणे २० वरून ५ अंशांवर न्यायला स्टॅकला साधारण ३० वॉट-तास लागतात आणि कुलंटलाच ५०! ५०० वॉटचा हीटर लावला तरी दहा मिनिटं, तेही उष्णता बाहेर जातच नाही असं धरून. त्यात बॅटरीही गारठलेली. टोयोटाची हायड्रोजनवर चालणारी मिराई गाडी हवा कमी देऊन स्टॅक मुद्दाम वाईट चालवते, म्हणजे वीज कमी आणि उष्णता जास्त, आणि त्याच उष्णतेवर उणे ३० ला उठते, असं वाचलं. आम्हाला जमेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
मिराईचा नाद तूर्त सोडा. तत्त्व बरोबर आहे, पण त्यासाठी प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं मोजायची सोय हवी. हायड्रोजनच्या बाजूला बर्फ अडकून एखादा सेल उपाशी राहिला तर त्याचं व्होल्टेज उलटं होतं आणि तो कॅटलिस्टखालचा (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या थराखालचा) कार्बन खाऊन टाकतो. असा स्टॅक मग उन्हाळ्यातही धड चालत नाही.

आधी बंद करतानाचं बघा. लोड काढल्यावर स्टॅक गरम असतानाच कॅथोडमधून, म्हणजे हवेच्या बाजूने, कोरडी हवा सोडा. नळीतून थेंब यायचे थांबले म्हणजे झालं असं नाही, आतल्या थरातलं पाणी सावकाश निघतं. स्टॅकचा विद्युत रेझिस्टन्स चढू लागला की थांबा, फार सुकवलात तर मेम्ब्रेनमधून प्रोटॉन जाणंच अवघड होईल.

आणि सगळं कुलंट तापवता कशाला? थर्मोस्टॅट लावून सुरुवातीला रेडिएटर वगळा. छोट्या फेऱ्यात अर्धा लिटर फिरलं तर वेळ जवळपास निम्म्यावर येईल.

प्रतिसाद २:
बॅकअपच आहे ना, मग गोठू कशाला देता? पेटीला इन्सुलेशन करा आणि लाइट असेपर्यंत छोट्या हीटरवर आतलं तापमान ५ अंशांच्या वर राखा. मात्र पेटीच्या माथ्यावर झरोका ठेवाच, गळलेला हायड्रोजन वर साठता कामा नये. गाडीचं नेहमीचं कुलंट ओतू नका, त्यातून वीज वाहते. फ्युएल सेलसाठीचं वेगळं मिळतं, तेच घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पेटी आणि छोटा फेरा, दोन्ही करतो. एक राहिलंच: लेह साडेतीन हजार मीटरवर, हवा विरळ. स्टॅक सुकवायला पुण्यात चालणारा ब्लोअर तिथे पुरेल, की मोठा घ्यावा?