काळ्या इटालियन केलचं करायचं काय? भाकरीसोबत चालेल असं सांगा

यावलकरीण:
मंडळी, मदत हवी आहे. दिरांनी पुण्याहून बी आणलं आणि केळीच्या बांधाला एक ओळ लावून टाकली. पाकिटावर लिहिलंय 'लासिनाटो केल', मूळ इटलीतल्या टस्कनीची पालेभाजी. थंडी पडल्यापासून झाडं अशी माजलीत की विचारू नका. पानं हातभर लांब, पट्ट्यासारखी, निळसर काळपट हिरवी आणि अंगभर बारीक फुगवटे. दिसायला देखणं, पण खायला घरात कोणी तयार नाही.

मेथीसारखी लसूण-मिरचीच्या फोडणीत परतली. मेथी पाच मिनिटांत बसते, हे पान ताठच. दाताखाली चिवट, वर कडसर. पोरांनी चघळून चोथा ताटाच्या कडेला काढून ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "म्हशीपुढे टाक, ती तरी नाव ठेवणार नाही."

नेटवर बघावं तर जिथे तिथे ओव्हन, ऑलिव्ह ऑइल आणि पार्मेझान चीज. माझ्याकडे गॅस, कढई, कुकर आणि शेंगदाण्याचं तेल. दुपारच्या जेवणात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी लागतेच. त्या बेतात बसेल असं काही आहे का? देठ खायचे की काढायचे? आणि तिकडचे लोक मुळात हे खातात कसं?

तापीकाठचा:
खालची पानं तोडत चला, शेंडा राखा, झाड देत राहतं. परतायची असतील तर तळहाताएवढी कोवळीच घ्या. फुगवट्यांच्या मागच्या बाजूला मावा कीड दडून बसते. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग दोनदा धुवा.

भरीतपुरी:
ताई, हे कोबी-नवलकोलाच्या घराण्यातलं आहे, त्याला मेथीचा न्याय लावून चालत नाही. जून पानाला एक तर भरपूर शिजवायचं, नाहीतर मीठ लावून चांगलं चोळायचं. अर्धवट परतलं की चामडं होतं.

आधी देठ. एका हातात देठ धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून पान ओढून घ्या. पान सुटतं, मधली शीर हातात राहते. ती म्हशीला घाला, सासूबाईंचाही मान राहील. मग उकळत्या मिठाच्या पाण्यात पानं चार-पाच मिनिटं, झाकण न ठेवता. बराचसा कडूपणा पाण्यात उतरतो. गार करून घट्ट पिळा आणि बारीक चिरा.

आता आपली घोटलेली मिरचीची भाजी करता ना, तीच करा. तुरीची डाळ, हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, एखादं वांगं, आंबट चुका आणि हा चिरलेला केल, सगळं कुकरला मऊ होऊ द्या. मग घोटा. वरून लसूण-जिऱ्याची सणसणीत फोडणी. पालकासारखा याचा लगदा होत नाही, घोटल्यावरही पानाचा कण दाताखाली येतो, आणि मला तर तेच आवडतं. कळण्याच्या भाकरीवर घेऊन बघा.

फुणक्यांतही छान जातो. भिजवलेली डाळ भरड वाटून त्यात मेथीऐवजी हा घालायचा, वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. कच्चाच खायचा असेल तर घोळाणा: शीर काढलेली पानं अगदी बारीक चिरा, मीठ आणि चमचाभर तेल लावून दोन-तीन मिनिटं हाताने चोळा. रंग गडद होतो, पान मऊ पडतं. मग कांदा, दाण्याचा कूट, तिखट, लिंबू.

टस्कनीतला याचा गाजलेला पदार्थ म्हणजे रिबोलिता. पांढरा घेवडा, गाजर, कांदा, सेलरी आणि हा केल यांचं दाट सूप, त्यात शिळा पाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून खातात, तेव्हाच त्याला खरी चव येते म्हणे. म्हणजे आपण वरणात शिळी भाकरी कुस्करतो, त्याच चालीचं. घेवडा नसला तर चवळी चालेल. तिकडे मक्याच्या पिठात केल आणि घेवडा घालून दाट लापशीसारखंही शिजवतात. मका आपल्याकडे काय, पोत्यांनी आहे!

अंजनीकाठ:
चिप्सच्या भानगडीत ओव्हनशिवाय पडू नका. तव्यावर एक पान करपतं, दुसरं ओलं राहतं.

एक महत्त्वाचं विचारते. घरात कोणी रक्त पातळ होण्याची गोळी घेतं का? केलमध्ये व्हिटॅमिन के भरपूर असतं. वॉरफरिन चालू असेल तर एकदम रोज वाटीभर सुरू करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

यावलकरीण:
बरं झालं बोललात. सासऱ्यांच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, गोळी आहेच. नाव बघते आणि डॉक्टरांना विचारते, तोवर त्यांचं ताट वेगळं.

आज घोटलेली केली. मोठ्याने दोनदा मागून घेतली, धाकट्याला फक्त शेंगदाणे आवडले. सासूबाईंनी भाकरी संपवली, पण मत दिलेलं नाही.

आता एवढंच सांगा, झाडं उन्हाळा काढतील का?

तापीकाठचा:
आपल्या उन्हात? सोडा. याला थंडी मानवते, थंडीत पानात साखर वाढते म्हणून आत्ता गोडी आहे. मार्चपासून पान कडू आणि जाड होत जाईल, माव्याचा तापही वाढेल. त्याआधी पानं उकळून, पिळून, गोळे करून फ्रीजरमध्ये टाका आणि ओळ मोकळी करा. पुढचं बी ऑक्टोबरात टाका.