पसारा आवरतात, अडगळ काढतात

सेक्टर दहा (नेरूळ) :
आमच्या सोसायटीत घट बसायच्या आधी घराघरातल्या न लागणाऱ्या वस्तू गोळा करून गरजूंना पोचवायचं ठरलंय. फलकावर लावायची मराठी सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. समितीत सगळे 'डीक्लटरिंग' म्हणतात. मी आधी 'चला, घरातला पसारा आवरू या' असं लिहिलं. ते वाचून तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आमच्याकडे पसारा नसतोच गं, मग आम्ही काय आणायचं?" त्यांचं घर खरंच लख्ख असतं. पण दिवाणाच्या पोटात तीन जादा गाद्या आहेत, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. मग नेमका शब्द कुठला? पसारा, अडगळ, आवरणे, साफसफाई हे सगळं आपण एकाच मापाने वापरतो की यांत फरक आहे?

मासुंदा (ठाणे) :
फरक आहे, आणि तो आजींच्या कानाला बरोबर जाणवला.

पसारा म्हणजे वापरातल्या वस्तू आपली जागा सोडून पसरलेल्या. ओट्यावरचे डबे, सोफ्यावरचं वर्तमानपत्र, दारातली दप्तरं. यांतल्या प्रत्येक वस्तूला घरात जागा आहे, फक्त या घडीला ती तिथे नाही. अडगळीचं उलट. अडगळ बहुतेक वेळा अगदी जागच्या जागी असते, जुन्या साडीत बांधून, माळ्यावर नीट रचून. तिचं काम तेवढं संपलेलं असतं. म्हणून एखाद्या घरात तसूभर पसारा नसतो आणि माळाभर अडगळ असते.

आता क्रियापदं बघा. 'पसारा आवर' हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. 'अडगळ आवर' म्हणून बघा, जिभेला रुचत नाही. अडगळ काढायची असते. आणि हेच 'काढणे' पसाऱ्याला लावलं की अर्थ फिरतो. 'भर दुपारी काय पसारा काढून बसलीस?' म्हणजे आत होतं ते सगळं बाहेर मांडलंस. अडगळ काढली की घर मोकळं होतं आणि पसारा काढला की पाय ठेवायला जागा उरत नाही. भाषेने इतकी नेमकी सोय करून ठेवलेली असताना आपण दोन्हींना 'साफसफाई' म्हणून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

'आवरणे' या क्रियापदाकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्यात मुळात रोखण्याचा, आटोक्यात ठेवण्याचा भाव आहे. राग आवर, हसू आवरेना, घोडा आवरेना, भाषण आवरतं घ्या. 'लवकर आवर, पनवेल गाडी चुकेल' यात तर माणूस स्वतःलाच आवरतो. पण राग आवरला म्हणजे राग गेला असं कुणी म्हणत नाही, तो आत राहिलेला असतो. वस्तूंचंही तेच. आवरलेली वस्तू घरातच राहते, फक्त दिसेनाशी होते. तुम्हाला सोसायटीत वस्तू खाली आणून हव्या आहेत, म्हणजे 'आवरणे' तुमच्या कामाचं नाही.

सेक्टर दहा :
हे फार छान उलगडलंत ताई. पण मग आमच्या आई म्हणायच्या, 'आज कपाट काढलंय', त्यातलं 'काढणे' कुठलं? कपाट काही घराबाहेर जायचं नाही.

मासुंदा :
ते तिसरं, आणि मला सगळ्यांत आवडतं ते. 'आज माळा काढलाय', 'दिवाळीसाठी स्वयंपाकघर काढलंय', 'घर काढायचंय, पाहुणे नकोत आत्ता.' हे काढणं म्हणजे एखादं मोठं काम हाती घेऊन ती जागा मुळापासून रिकामी करणं. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या टोकाला येतं ते 'लावणे'. 'कपाट लावलं', 'डबे लावले', नव्या जागेत गेलं की 'घर लावलं'. म्हणजे आपल्या बायका हे काम तीन पावलांत करत आल्या आहेत : काढणे, निवडणे, लावणे.

तुम्ही ज्याला शब्द शोधताय ते मधलं पाऊल आहे, आणि नेमकं तेच आपल्या हातून सुटतं. कपाट काढतो, फळ्या पुसतो, खालचं वर्तमानपत्र बदलतो आणि तेच कपडे त्याच क्रमाने परत लावतो. दिवसभर कंबर मोडते आणि कपाट होतं तेवढंच भरलेलं राहतं. भाजी निवडताना जून देठ बाजूला करायला आपला हात अडत नाही, कारण तिथे 'निवडणे' म्हणजे काय हे हाताला ठाऊक असतं. कपाटालाही तोच शब्द लावा. 'आज साड्या निवडते' असं म्हणून बसलं की बसण्याचा हेतूच बदलतो. हे मी पुष्कळ घरांत सुचवलंय आणि त्याचा उपयोग होतो.

पारसिक (कळवा) :
सूचनेसाठी 'अडगळमुक्त घर' कसं वाटतं? तंटामुक्त गाव मोहीम २००७ सालची, हागणदारीमुक्तही सगळ्यांच्या तोंडी बसलं. '-मुक्त' लावलं की लोकांना पटकन कळतं.

मासुंदा :
कळतं खरं, दादा. पण 'अडगळ' हा शब्द ज्याची वस्तू त्यानेच वापरायचा असतो. 'माळ्यावर नुसती अडगळ झालीय' असं आजी स्वतः म्हणतील. तेच फलकावर छापून आलं, की त्यांच्या आईने दिलेल्या पितळी घागरीला परक्याने नाव ठेवल्यासारखं होईल. सूचना वाचून माणूस दुखावला तर गाठोडं खाली येणार नाही. शिवाय '-मुक्त' मध्ये सरकारी मोहिमेचा वास येतो, तो शेजाऱ्यांच्या कामाला नको.

येऊर (वर्तकनगर) :
दोन शब्द माझ्याकडून. झाकपाक : रात्रीची जेवणं झाली की उरलंसुरलं झाकणं, ओटा पुसणं, विरजण लावणं. हे फक्त स्वयंपाकघराचं, कपाटाची झाकपाक होत नाही. दुसरा निरवानिरव. नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत, आमच्या नात्यातल्या दोन घरांनी भाड्याच्या जागेत जाताना तीस-चाळीस वर्षांचा संसार उपसला. त्याला मावशी सारखं 'निरवानिरव चाललीय' म्हणत होती. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं, कारण हा शब्द मी फक्त शेवटच्या आजारपणात ऐकलेला.

मासुंदा :
तुमच्या मावशी बरोबर बोलत होत्या. 'निरवणे' म्हणजे सोपवणे, हवाली करणे. महिनाभर गावाला निघताना दूधवाल्याला सांगणं, किल्ली शेजारी देणं, कुंड्यांचं पाणी कुणावर तरी सोपवणं, हीसुद्धा निरवानिरवच. मरणाच्या संदर्भात तो शब्द फार वापरला गेला आणि आता तेवढाच अर्थ उरल्यासारखा झालाय. खरं तर आपली वस्तू योग्य हातात देऊन मोकळं होणं यासाठी याहून सुंदर शब्द मराठीत नाही. घरात बोलताना जरूर वापरा. फलकावर मात्र नको, कारण वयस्कर माणसं त्यात वेगळंच वाचतील.

१८९३ साली सुरू झालेलं आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. असे शब्द अडले की मी तिथे जाऊन बसते. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. घरकामाच्या शब्दांसाठी तो चाळावाच.

घणसोलीकर :
मी मूळचा कोल्हापूरकडचा. आमच्याकडे 'घरात राडा करून ठेवलाय' म्हणजे पसारा, पावसाळ्यात 'वाटेवर राडा' म्हणजे चिखल. इथे आल्यावर शेजाऱ्यांना 'घरात राडा झालाय' म्हटलं तर ते धावत आले, त्यांना मारामारी वाटली.

चरई (ठाणे) :
घराबाहेर जाणाऱ्या वस्तूंचे शब्दही वेगवेगळे आहेत, ते यात यायला हवेत. कागद गेला की रद्दी. हा अरबी 'रद्द'च्या घरातला. कपडे जायचे बोहारणीकडे, बदल्यात स्टीलचं भांडं. पितळ-तांबं जातं ते मोडीत. मागच्या महिन्यात आईचा माळा काढला. त्यात तिच्या लग्नातलं पितळी पातेलं निघालं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचं नाव कोरलेलं, मागे तारीख, बुडाला एक बारीक भोक. कल्हई उडालेली, आतून हिरवट डाग. स्टेशनजवळच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानात नेलं. दुकानदाराने वजनकाट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला. 'मोडीत काढणे' आपण आता संस्था, योजना, माणसं यांच्याबद्दलही म्हणतो, पण त्याचं मूळ काम हे, भांड्याचं भांडेपण संपवून त्याचं नुसतं वजन करायचं. आईने ते मोडीत दिलं नाही, परत आणून त्यात तुळस लावली. भोक होतंच.

आणि एक. लोखंड-प्लास्टिकला आपण 'भंगार' म्हणतो, पण कोकणीत 'भांगर' म्हणजे सोनं. सांभाळून उच्चारा.

पारसिक :
व्यवहाराची गोष्ट घालतो. संपलेले सेल, जुनी औषधं, फुटक्या ट्यूबलाइट या गोळा करण्याच्या पेटीत येऊ देऊ नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. या वस्तू तिसऱ्यात जायच्या. सूचनेत तसं स्पष्ट लिहा.

सेक्टर दहा :
लिहिते. आता अडचण अशी, की वस्तू निवडून झाल्या तरी लोकांचा पाय दारातून निघत नाही. आजी काल म्हणाल्या, "गाद्या काढल्यात गं, पण टाकवत नाहीत."

मासुंदा :
'टाकत नाही' आणि 'टाकवत नाही' यांत केवढं अंतर आहे बघा. 'मी टाकत नाही' हा निर्णय झाला. 'मला टाकवत नाही' यात मन तयार आहे, हात उचलत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात : बघवत नाही, चालवत नाही, जेववत नाही. ज्याला टाकवत नाही त्याला 'टाका' म्हणून सांगण्यात अर्थ नाही, त्याला वाद घालायचाच नसतो.

म्हणून सूचनेतून 'टाकणे' पूर्ण काढा. 'टाकाऊ वस्तू' नको, 'जुनंपानं' नको. 'देऊन टाका' हेही नको. तिथे 'टाकणे' नुसतं जोडीला आलंय, विकून टाकलं, सांगून टाकलं, तसं. पण त्याने देण्याची क्रिया उरकल्यासारखी होते, आणि घेणाऱ्यालाही ते बरं वाटत नाही. सरळ 'द्यायच्या वस्तू' लिहा. आजींना गाद्या टाकवत नाहीत, पण द्यायला सांगितलं तर त्या नवीन अभ्रे घालून देतील. मी लिहिली असती तर एवढीच : 'कपाट काढाल तेव्हा आपल्याला न लागणाऱ्या, पण दुसऱ्याला वापरता येतील अशा वस्तू निवडून बाजूला ठेवा. द्यायच्या वस्तू रविवारी सकाळी दहा ते बारा तळमजल्यावर घेतल्या जातील. कपडे धुऊन, भांडी घासून आणावीत.' शीर्षकाला 'निवडू या, देऊ या' पुरे.

येऊर :
'धुऊन'च ठेवा, कुणी 'धुवून' करायला सांगितलं तरी. आणि गाद्या उचलायला कुणी वर येणार का, तेही त्यात घाला. आजी तळमजल्यावर आहेत, चौथ्या मजल्यावरच्यांचं काय?