मदत हवी आहे: पिकअप ६५ च्या पुढे नेली की थरथरते, बॅलन्सिंग करूनही फरक नाही

नारायणगावकर
लवकर सांगा कोणीतरी. गाडी ६५ च्या पुढे गेली की अख्खी थरथरायला लागते, ७० ते ७५ ला तर आरशात मागचं धड दिसत नाही, ८० ला परत जराशी कमी होते. चारी चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, पुढचे टायर मागे मागचे पुढे करून झाले, काडीचा फरक नाही. टायरवाला म्हणतो इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्या रबरावर बसतं ते) बघा, गॅरेजवाला म्हणतो टायर बघा, माझे पैसे दोन्हीकडे जातायत. सीझन तोंडावर आलाय, गाडी उभी ठेवून चालणार नाही. ज्याला असा प्रॉब्लेम आलाय आणि ज्याचा गेलाय त्यानेच सांगा, अंदाज नको.

चाकण_फिटर
दादा गाडी कुठली, मॉडेल कुठलं, किती चालली, रिकामी असताना होतं का लोडमध्ये, स्टिअरिंग हलतं का सीट हलते? यातलं काहीच लिहिलं नाही तर अंदाजच मिळणार.

नारायणगावकर
पिकअप आहे म्हटलं ना. १.७ टनवाली, २०१९. टोमॅटो घेऊन वाशीला जाते. थरथर सगळ्या गाडीला आहे.

भावा_टायर_बघ
भावा मी सांगतोय ते ऐक, टायरच हाय. मागं रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) टाकलायस का? माझ्या गाडीला सेम असंच व्हायचं, कोल्हापूर ते पुणे हाडं खिळखिळी व्हायची, बॅलन्सिंग मशिनवर सगळं शून्य दाखवायचं आणि रोडवर गेलं की चालू. शेवटी एका म्हाताऱ्या पंक्चरवाल्यानं चाक जॅकवर उचललं, खडू टायरच्या जवळ धरला आणि चाक हातानं फिरवलं तर एका जागी टायर फुगलेला. आतला पट्टा सुटला होता, मशिनला वजन बरोबर लागतं पण टायर गोलच नसतो मग काय उपयोग. आणि टायरच्या कडेला लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात ते पण बघ, २३१९ असलं तर २०१९ चा २३ वा आठवडा. जुना टायर नक्षी चांगली दिसली तरी आतनं कडक होतोय.

समृद्धीवरचा_गडी
नायट्रोजन भरा भाऊ. मी संभाजीनगर ते नागपूर समृद्धीवरून येऊन-जाऊन राहिलो कायम, सिमेंटचा रोड आहे, टायर तापते, हवा वाढते न गाडी उड्या मारते. नायट्रोजन भरला तेव्हापासून गाडी पाण्यासारखी चालते.

चाकण_फिटर
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. थरथर नायट्रोजनने जात असती तर गॅरेज बंद करावी लागली असती. प्रेशर बरोबर पाहिजे, गार टायरवर मोजलेलं, एवढंच.

समृद्धीवरचा_गडी
तुम्ही भरून पाहिला का कधी? समृद्धीवर टायर फुटून किती अपघात झाले ते पेपरात वाचा मग बोला. मी माझा अनुभव सांगून राहिलो.

चाकण_फिटर
टायर फुटणं वेगळं आणि थरथर वेगळी. घासलेला टायर, कमी हवा, जास्त लोड आणि तासन् तास एकाच स्पीडला चालवणं, त्याने फुटतात. इथे प्रश्न तो नाही.

टेक्सासचा_मराठी
नमस्कार, मी ह्यूस्टनला असतो, इकडे पिकअप घरोघरी आहेत त्यामुळे हा विषय रोजचाच. साध्या बॅलन्सिंगवर विसंबू नका, रोड फोर्स बॅलन्सिंग करून घ्या. त्यात एक रोलर चालू चाकावर रस्त्यासारखा दाब देतो आणि टायर कुठे कडक कुठे मऊ ते मोजतो, मग टायर रिमवर फिरवून बसवतात. वर कोल्हापूरच्या मित्रांनी खडूचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण काही दोष नुसतं फिरवून दिसत नाहीत, दाब दिल्यावरच दिसतात. आणि पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा) असेल तर खड्डा लागल्यावर स्टिअरिंग हातात राहत नाही इतकं हलतं, तो प्रकार वेगळा, तेव्हा लगेच वेग कमी करून गाडी बाजूला घ्यायची.

नारायणगावकर
दादा ते मशिन नारायणगावात कुठून आणू? आणि पुढे सॉलिड अ‍ॅक्सल नाही. टायर मागच्या वर्षी चारी नवीन टाकलेत, रिमोल्ड नाही. खडूने पण बघितलं आत्ता, चाक गोल फिरतंय.

जुनी_गाडी_नवी_गाडी
सीएनजीवाली घेऊन टाका. डिझेलमध्ये आता काही उरलं नाही, किलोमीटरला किती फरक पडतो ते मी काढलंय, पाहिजे तर पाठवतो. तुमची २०१९ ची आहे तोवर किंमत येईल.

दापोडी_वर्कशॉप
मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला होतो, आता निवृत्त. खर्च करायच्या आधी इतकं करा. सरळ मोकळा रस्ता बघून गाडी ७२ वर न्या आणि तीच ७२ चौथ्या गिअरमध्ये आणि पाचव्या गिअरमध्ये चालवून बघा. इंजिनचे फेरे बदलतात, चाकाचे बदलत नाहीत. दोन्हीत थरथर तेवढीच असेल तर इंजिन आणि माउंटिंग सोडून द्या. मग ७२ वर असतानाच क्लच पूर्ण दाबून ठेवा, गाडी आपल्या ओघात जाऊ द्या. थरथर तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागे शोधायचं. हे उतारावर किंवा घाटात अजिबात करायचं नाही, सपाटीलाच करा, मागे गाडी नसताना.

आणि स्टिअरिंगवर हात ठेवून आणि सीटवर बसून दोन्हीकडे लक्ष द्या. पुढचं चाक असेल तर हाताला लागतं, मागचं चाक किंवा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) असेल तर बुडाला आणि पायाला लागतं. चाकाचा दणका त्या मानाने सावकाश असतो. शाफ्टचा बारीक असतो, घुंईं असा आवाजही येतो त्याच्याबरोबर. तुमच्या टायरच्या मापात ८० ला चाक सेकंदाला दहा फेरे मारतं आणि शाफ्ट त्याच्या चौपट तरी फिरतो, म्हणून दोन्हीचं हलणं वेगळं लागतं.

नगरचा_ट्रान्सपोर्ट
काकांशी सहमत पण १०० ला कसं वाटतं ते पण बघा, बॅलन्सिंगचा दोष १०० ला जास्त कळतो.

नारायणगावकर
१०० ला कशी नेणार, ८० ला गव्हर्नर (वेग अडवणारं यंत्र) आहे सगळ्या पिकअपला.

नारायणगावकर
दापोडीवाले काका, केलं तुम्ही सांगितलं तसं खेड बायपासला पहाटे. चौथ्यात पाचव्यात सारखंच. क्लच दाबला तरी चालूच, पण अ‍ॅक्सिलेटर दाबताना जास्त असतं आणि पाय काढला की थोडं कमी. स्टिअरिंग शांत आहे, सीटला आणि खालच्या पत्र्याला लागतं, आवाज पण आहे घुंईं असा. आणि वाशीहून रिकामी येताना सगळ्यात जास्त, भरून जाताना एवढं नाही.

चाकण_फिटर
हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं ना दादा. चाकाचा विषय संपला. हे कधीपासून होतंय आणि त्याच्या आधी गाडीला काय काम केलं होतं?

नारायणगावकर
दिवाळीनंतर सुरू झालं. काम काही नाही, फक्त क्लच प्लेट टाकली होती. क्लच आता मस्त आहे, त्याचा काय संबंध.

दापोडी_वर्कशॉप
संबंध आहे. क्लच प्लेट टाकायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि गिअरबॉक्स घ्यायला शाफ्ट काढावा लागतो. शाफ्टच्या मध्ये सरकणारा जोड असतो, खाचांचा. तो निसटून वेगळा झाला आणि परत बसवताना एक-दोन खाचा इकडे तिकडे बसला की झालं. शाफ्टच्या टोकाला क्रॉस असतो, म्हणजे कोनात फिरू देणारा सांधा. तो कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस त्याच्या उलट करून ते फिटवून टाकतो, पण कधी, जेव्हा दोन्ही टोकांचे कान (क्रॉसला धरणारे तुकडे) एका रेषेत असतात तेव्हा. रेष चुकली की फिटण्याऐवजी दोन्ही एकत्र हादरे देतात. आमच्याकडे शाफ्ट काढायच्या आधी पंच मारून खूण केल्याशिवाय नट सैल करू देत नसत. कंपनीची खूण असते, बाण किंवा ठिपका, पण ग्रीस आणि मातीखाली दिसत नाही म्हणून पोरं बघत नाहीत.

तुमच्या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, मध्ये सेंटर बेअरिंग रबरात लटकवलेलं असतं. ते रबरही हाताने हलवून बघा, फाटलं असेल तर शाफ्ट मध्येच झुलतो.

पाटेवाला_मंचर
काका बरोबर आहेत पण खाचा चुकल्या असत्या तर भरलेली असतानाही तेवढंच हललं असतं. हे रिकामी असताना जास्त आहे. दादा मागे पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) वाढवलाय का?

नारायणगावकर
हो, एक पाटा वाढवलाय दोन्ही बाजूला. सगळेच वाढवतात, आमच्याकडे विना वाढवलेली पिकअप दाखवा. त्याचं काय विचारताय?

पाटेवाला_मंचर
कारण माझं काम तेच आहे. पाटा वाढला की रिकामी गाडी मागून उचलली जाते, हौसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं घर) आणि शाफ्टमधला कोन बदलतो. पुढचा कोन आणि मागचा कोन सारखा राहत नाही, मग क्रॉस एकमेकाचं फिटवत नाहीत. माल भरला की पाटे बसतात, कोन परत जागेवर येतो, थरथर कमी. तुमचं लक्षण तंतोतंत हे आहे. पाटा आणि हौसिंगच्या मध्ये निमुळती लोखंडी पाचर टाकून हौसिंगचं तोंड थोडं वळवतात, मग यू बोल्ट परत आवळायचे. पाचर अंदाजाने टाकायची नाही, कोन मोजून टाकायची, उलटी बसली तर आहे त्याच्या दुप्पट होईल.

दापोडी_वर्कशॉप
पाटा दिवाळीनंतर टाकला का आधी?

नारायणगावकर
आधी. गाडी घेतली त्याच वर्षी.

दापोडी_वर्कशॉप
मग इतकी वर्षं त्याच पाट्यावर गाडी नीट चालली. आधी खूण बघा, ते फुकट आहे. पाचर नंतर.

पाटेवाला_मंचर
काका, भरल्यावर कमी का होतं मग? त्याचं उत्तर द्या.

दापोडी_वर्कशॉप
कोन कमी झाला की चुकलेल्या खाचेचा दणकाही कमी होतो. कोन शून्य असता तर खाच चुकूनही कळलं नसतं. तुमचा कोनही आहे आणि आमची खाचही आहे, दोन्ही मिळून होतंय असं माझं मत.

नियम_पाळा
विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. पाटा वाढवायचा म्हणजे ओव्हरलोड करायचंच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. ब्रेक १.७ टनाच्या हिशोबाने दिलेले असतात, पाटा वाढवून ब्रेक वाढत नाहीत. माळशेजच्या उतारावर हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कृपया कोणी याला सल्ला म्हणून घेऊ नये.

नगरचा_ट्रान्सपोर्ट
साहेब भाडं क्रेटवर मिळतं, २० किलोचा एक क्रेट, कमी भरले तर डिझेल टोल निघत नाही. शेतकऱ्याला पण दोन खेपा परवडत नाहीत. दंड कोणाला भरायची हौस नाही.

नियम_पाळा
परवडत नाही हे मान्य आहे, म्हणून तर भाड्याचे दर सगळ्यांनी मिळून ठरवायला हवेत. एकाने कमी भरून चालत नाही, तो बाजूला पडतो. पण ब्रेकचं मी म्हणतो ते तरी चुकीचं आहे का?

नगरचा_ट्रान्सपोर्ट
ब्रेकचं बरोबर आहे.

भावा_टायर_बघ
टायरचं काय झालं मग? रिम बघितलीस का, आतनं वाकलेली आसतीय. शेतात गाडी घालतोस तर रिमच्या आत चिखल वाळून बसतोय, तेवढ्यानं पण हलतंय. धुऊन तरी बघ.

नारायणगावकर
चिखल होता, बॅलन्सिंगच्या आधीच धुतला.

अपडेट देतो. दुसऱ्या गॅरेजला नेली, ज्याने क्लच टाकला त्याच्याकडे नाही नेली. खाली आडवं झोपून रॉकेलने शाफ्ट पुसला तर दोन्ही बाजूला बाण निघाले आणि ते समोरासमोर नव्हते, दोन खाचांचा फरक. सेंटर बेअरिंगचं रबर पण एका बाजूने फाटलं होतं, ते नवीन टाकलं. बाण जुळवून बसवला, क्रॉसला ग्रीस मारलं. भरून वाशीला गेलो, ७५ ला काही म्हणजे काही नाही. रिकामी येताना ७० ला जोरात दाबली तर अगदी बारीक घुंईं आहे अजून, आरसे हलत नाहीत. दापोडीवाले काका तुमचे फार आभार, इतके दिवस दोन्हीकडून फिरवत होते मला.

पाटेवाला_मंचर
राहिलेलं ते घुंईं मी म्हटलेल्या कोनाचं आहे. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करा, मोबाईलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, ते मागच्या शाफ्टवर ठेवून आणि हौसिंगच्या तोंडावर ठेवून आकडे लिहून घ्या. पुढच्या शाफ्टचापण घ्या. इथे टाका, मी सांगतो पाचर लागते का नाही.

दापोडी_वर्कशॉप
मोजा, यांचं बरोबर आहे. आणि शंभर-दोनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट आणि शाफ्टचे फ्लँजचे नट परत आवळून घ्या, आणि तेव्हाच दोन्ही जोडांना पंचाची खूण मारून ठेवा, म्हणजे पुढच्या क्लच प्लेटला कोणीही बसवलं तरी चुकायचं नाही.

जुनी_गाडी_नवी_गाडी
सीएनजीचा हिशोब पाठवू का?

नारायणगावकर
नको दादा, सीझन झाल्यावर बघू. मंचरवाले, आकडे रविवारी टाकतो, तोवर गाडी लोडिंगला आहे.