जिगर पिसू पायातून सुरक्षितपणे कशी काढावी?

प्रश्न: मी पश्चिम केनियात शिक्षिका आहे. पायाच्या नखाशेजारी काळा ठिपका असलेली पांढरी, खाजरी गाठ आली आहे. ती घरीच सुईने काढावी का?

उत्तर १: कृपया घरी कोरू नका. वर्णनावरून ही टुंगा पेनिट्रान्स, म्हणजेच जिगर पिसवेची मादी वाटते. जेमतेम १ मिलिमीटरची ही मादी त्वचेत शिरून अंड्यांनी फुगते, आणि काढताना फुटली किंवा तिचा तुकडा आत राहिला, तर जखम चिघळते. आरोग्य केंद्रात निर्जंतुक सुईने ती अखंड काढून घ्या आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल आवर्जून विचारा.

उत्तर २: गाठी अनेक असल्यास डायमेटिकोन (त्वचेवर लावायचे सिलिकॉनचे तेल) मला अधिक सुरक्षित वाटते. एकच सुई अनेकांना वापरणे अत्यंत घातक आहे. विद्यार्थ्यांनाही बंद बूट मिळावेत, कारण वाळू आणि मातीच्या जमिनीतूनच ही पिसू अनवाणी पायांवर चढते.